तारीख बरोबर, क्रियापद चुकीचे: खेळ आणि मनोरंजनाचा दिनविशेष कसा तयार करावा

प्रश्न असा आहे: गावातल्या वाचनालयाच्या दर्शनी फळ्यावर रोज सकाळी खेळ आणि मनोरंजन यांचा एकत्र दिनविशेष लिहिला जातो. मजकूर मोबाइलवरून उतरवला जातो आणि दर दोन-चार दिवसांनी कुणीतरी सभासद चूक दाखवून देतो. वर्षभराचा भरवशाचा मजकूर कसा तयार करावा, आणि नमुन्यादाखल एखादा दिवस करून दाखवता येईल का?

नमुना शेवटी देतो. आधी चुका कुठे होतात ते पाहू, कारण त्या ठरावीक जागीच होतात.

दिनविशेषात तारीख चुकण्यापेक्षा क्रियापद चुकण्याचे प्रमाण जास्त असते. त्या दिवशी काहीतरी घडलेले असतेच, पण 'सुरू झाला', 'संपला', 'जिंकला', 'दाखवला', 'प्रदर्शित झाला' यांतले नेमके काय, ते उतरवता उतरवता गळते. दादासाहेब फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'चेच घ्या. कुठे २१ एप्रिल १९१३ सापडते, कुठे ३ मे १९१३. दोन्ही तारखा खऱ्या आहेत. २१ एप्रिलला ग्रँट रोडच्या ऑलिंपिया थिएटरात निमंत्रितांसाठी खेळ झाला. ३ मे रोजी गिरगावातल्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये चित्रपट तिकीट काढून येणाऱ्यांसाठी लागला. म्हणून २१ एप्रिलला 'निमंत्रितांपुढे दाखवला गेला' आणि ३ मेला 'प्रदर्शित झाला' असे लिहायचे. 'पहिला भारतीय चित्रपट' लिहिताना आणखी एक तारीख लक्षात ठेवा. दादासाहेब तोरणे यांचा 'श्री पुंडलिक' १८ मे १९१२ रोजी, म्हणजे जवळपास वर्षभर आधी, त्याच कोरोनेशनमध्ये लागला होता. ते रंगमंचावरच्या नाटकाचे चित्रण होते आणि फिल्मवरची प्रक्रिया लंडनमध्ये झाली होती, म्हणून मान फाळक्यांकडे गेला. फळ्यावर हा वाद मांडायला जागा नसते. 'पहिला पूर्ण लांबीचा भारतीय कथापट' एवढे लिहिले की भागते.

नाटकातही हेच. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात 'संगीत शाकुंतल'चा पहिला प्रयोग झाला असे सरसकट लिहितात. त्या रात्री पहिले चारच अंक झाले होते. सातही अंकांचे नाटक नंतर रंगभूमीवर आले. 'पहिल्या चार अंकांचा प्रयोग' हे शब्द लिहायला दोन सेकंद जास्त लागतात आणि जाणकार वाचक तिथेच तुमच्या बाजूचा होतो. ही तारीख जपून ठेवण्यासारखी आहे. ३१ ऑक्टोबर १८९५ला नागपुरात सी. के. नायडूंचा जन्म झाला, ३१ ऑक्टोबर १९७५ला सचिनदेव बर्मन गेले, आणि भारतीय महिला संघाचा पहिला कसोटी सामना वेस्ट इंडीजविरुद्ध बेंगळुरूत सुरू झाला तो ३१ ऑक्टोबर १९७६ला. असा तयार दिवस वर्षात फार वेळा मिळत नाही.

सर्वांत जास्त घोळ कसोटी सामन्यांचा होतो, कारण सामना पाच दिवसांचा आणि फळा एका दिवसाचा. मार्च २००१ची कोलकात्याची कसोटी ११ ते १५ मार्च अशी चालली. तिच्यातून तीन वेगळ्या नोंदी निघतात आणि तिन्ही वेगवेगळ्या दिवशी लागतात. ११ मार्चला हरभजनसिंगची हॅटट्रिक, कसोटीत भारतीय गोलंदाजाची पहिली. १४ मार्चला लक्ष्मण आणि द्रविड दिवसभर खेळले. सकाळी ४ बाद २५४ होते, संध्याकाळी ४ बाद ५८९. म्हणजे दिवसात ३३५ धावा आणि एकही बळी नाही. १५ मार्चला भारत १७१ धावांनी जिंकला. आता 'आजच्या दिवशी लक्ष्मणने २८१ धावा केल्या' हे वाक्य कुठे बसते? १४ मार्चला नाही. त्या संध्याकाळी तो २७५वर नाबाद होता. उरलेल्या सहा धावा पंधराला झाल्या. १४ तारखेला 'लक्ष्मण-द्रविड दिवसभर नाबाद' लिहा, २८१चा आकडा १५ तारखेला द्या. त्याच १४ मार्चला १९३१ साली मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' लागला आणि भारतीय पडदा बोलू लागला. आमिर खानचा जन्मही १४ मार्चचा, १९६५चा. तीन ओळींत दिवस भरतो.

१५ नोव्हेंबरला तर सापळा ठरलेला. 'सचिन १५ नोव्हेंबर १९८९ला पहिल्यांदा फलंदाजीला उतरला' असे बरेच जण लिहितात. त्या दिवशी कराचीत सामना सुरू झाला आणि सचिनचे कसोटी पदार्पण झाले, हे खरे. पण आधी फलंदाजी पाकिस्तानने केली, त्यामुळे त्या दिवशी तो क्षेत्ररक्षण करत होता. 'कसोटी पदार्पण' हा शब्द पुरेसा आणि अचूक आहे. त्याच तारखेला २०१३ साली वानखेडेवर तो ७४वर बाद झाला, ती त्याची कसोटीतली शेवटची खेळी. सामना संपला आणि निवृत्तीचे भाषण झाले ते मात्र १६ नोव्हेंबरला. पुढे १५ नोव्हेंबर २०२३ला त्याच वानखेडेवर विराट कोहलीने एकदिवसीय सामन्यांतले ५०वे शतक करून सचिनचा ४९चा विक्रम मोडला. ४९ची बरोबरी त्याने केली होती ५ नोव्हेंबरला, ईडन गार्डन्सवर, स्वतःच्या पस्तिसाव्या वाढदिवशी. बरोबरी आणि मोडणे या दोन गोष्टी दहा दिवसांच्या अंतराने घडल्या. एकाच ओळीत कोंबू नका. शिवाय ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केले तो दिवस. सांगली-कोल्हापूरकडच्या वाचनालयाने त्या दिवशी कोहलीला दुसऱ्या ओळीत बसवले तर कुणाची तक्रार येणार नाही.

आता घड्याळ. परदेशातल्या घटनेला तिथली स्थानिक तारीख लावायची, हा नियम एकदा ठरवला की पुन्हा वळून बघायचे नाही. भारताचे घड्याळ इंग्लंडच्या उन्हाळ्यात तिथल्यापेक्षा साडेचार तास पुढे असते आणि लॉस अँजेलिसच्या उन्हाळ्यात साडेबारा तास. म्हणजे लॉर्ड्सवर संध्याकाळचे साडेसात वाजले की आपल्याकडे तारीख बदलते. लॉस अँजेलिसमध्ये सकाळचे साडेअकरा वाजले की बदलते. मायकेल जॅक्सनला तिथल्या रुग्णालयात मृत घोषित केले ते २५ जून २००९ रोजी दुपारी २ वाजून २६ मिनिटांनी. भारतात तेव्हा २६ जूनचे पहाटेचे २ वाजून ५६ मिनिटे झाली होती. आपल्याकडच्या बऱ्याच वाचकांना ती सव्वीस तारखेची बातमी म्हणून आठवते आणि ते फळ्यापाशी येऊन वाद घालतात. २५ जूनच बरोबर. ऑस्करचा समारंभही असाच संध्याकाळचा असतो आणि आपल्याकडे दुसऱ्या दिवसाची सकाळ उजाडलेली असते. कोल्हापूरच्या भानू अथय्या यांना 'गांधी'च्या वेशभूषेसाठी जॉन मोलो यांच्यासह ऑस्कर मिळाले ते ११ एप्रिल १९८३ला. बारा तारीख दिसली तर ती भारतीय वेळेची समजा.

जुन्या वर्तमानपत्रांतून तारीख काढताना आणखी एक दिवस सरकतो. सकाळच्या अंकात 'काल' म्हणून छापलेली घटना अंकाच्या तारखेच्या आदल्या दिवसाची असते, हे सगळ्यांना माहीत असते आणि तरी घाईत अंकाचीच तारीख उतरवली जाते. उलटेही होते. परदेशातली घटना रात्री उशिरा घडली तर ती छापून यायला दोन दिवस लागलेले असतात, आणि 'एक वजा करा' हा हिशेब तिथे फसतो.

अमेरिकी संकेतस्थळांवर महिना आधी आणि दिवस नंतर लिहितात. दिवसाचा आकडा बारापेक्षा मोठा असेल तर चूक लगेच कळते. बारा किंवा त्याखालचा असेल तर कळत नाही. सुनील गावसकरांचा जन्म १० जुलै १९४९चा. अमेरिकी पद्धतीने तो ७/१०/१९४९ होतो आणि आपल्या डोळ्यांना तो ७ ऑक्टोबर दिसतो. ७ ऑक्टोबरला श्रीरामपूरच्या झहीर खानचा वाढदिवस आहे. गावसकरांना तिथे धाडू नका. महिना नेहमी अक्षरात लिहायचा, नोंदवहीतसुद्धा.

'पहिला' हा शब्द दिसला की पेन्सिलने गोल करा. 'एकदिवसीय सामन्यातले पहिले द्विशतक, सचिन तेंडुलकर, ग्वाल्हेर, २४ फेब्रुवारी २०१०' अशी नोंद हजार ठिकाणी आहे. पण पुरुषांच्या क्रिकेटमधले पहिले, असे लिहावे लागते. ऑस्ट्रेलियाच्या बेलिंडा क्लार्कने १६ डिसेंबर १९९७ला डेन्मार्कविरुद्ध नाबाद २२९ धावा केल्या होत्या, आणि तेही मुंबईत, वांद्र्याच्या एमआयजी मैदानावर! आपल्याच शहरात झालेला विक्रम आपणच विसरावा, हे बरे नव्हे. (१६ डिसेंबर हा लक्ष्मीकांत बेर्डे यांचा स्मृतिदिनही आहे, २००४.) खाशाबा जाधवांच्या बाबतीत 'भारताचे पहिले ऑलिंपिक पदक' असे लिहिलेले सापडते. तेही चूक. हेलसिंकीत १९५२ साली मिळालेले कांस्य हे स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक पदक. 'स्वतंत्र' आणि 'वैयक्तिक' हे दोन्ही शब्द लागतात. 'स्वतंत्र' वगळला तर १९००चा नॉर्मन प्रिचर्ड आडवा येतो आणि 'वैयक्तिक' वगळला तर १९४८चे हॉकीचे सुवर्ण.

ठिकाणाचीही एक गंमत लक्षात ठेवा. स्वप्निल कुसाळेला १ ऑगस्ट २०२४ला कांस्य मिळाले ते पॅरिस ऑलिंपिकमध्ये, पण पॅरिस शहरात नव्हे. नेमबाजीच्या स्पर्धा शातोरूला होत्या. 'पॅरिस ऑलिंपिक' लिहा, 'पॅरिस येथे' लिहू नका. १ ऑगस्टला अण्णाभाऊ साठ्यांची जयंती (१९२०), मीनाकुमारीची जयंती (१९३३) आणि अमेरिकेत एमटीव्ही सुरू झाल्याचा दिवस (१९८१) असतो. लोकनाट्य, सिनेमा, दूरचित्रवाणी आणि राधानगरी तालुक्यातला नेमबाज, सगळे एका फळ्यावर.

आकड्यांत दोन स्रोत भांडत असतील तर त्यातला वादाबाहेरचा आकडा लिहा. १५ ऑगस्ट १९३६ला बर्लिनमध्ये हॉकीच्या अंतिम सामन्यात भारताने जर्मनीला ८-१ हरवले. सामना खरे तर चौदा तारखेचा, पावसामुळे पुढे गेला. ध्यानचंदांच्या वाट्याच्या गोलांचा आकडा जागोजागी निराळा सापडतो. संघाचा ८-१ कुणी नाकारत नाही, तोच द्या. मिल्खासिंगांच्या रोम ऑलिंपिकमधल्या ४०० मीटर शर्यतीच्या वेळेचेही तसेच. ४५.६ आणि ४५.७३ सेकंद हे दोन्ही आकडे बरोबर आहेत, पहिला हातातल्या घड्याळाचा, दुसरा स्वयंचलित यंत्राचा. दोन्हींतला एक निवडून वर्षानुवर्षे तोच ठेवा.

जन्मतारखांबाबत महाराष्ट्रात एक खास अडचण आहे, ती म्हणजे १ जून. शाळेत नाव घालताना घरच्यांना तारीख ठाऊक नसली की गुरुजी सरळ १ जून टाकायचे. जुने पैलवान, तमाशा कलावंत, शाहीर यांच्या माहितीत ही तारीख दिसली तर ती दाखल्यावरची धरा आणि दुसरा पुरावा नसेल तर जन्माची नोंदच करू नका. त्यांच्या एखाद्या गाजलेल्या कुस्तीची किंवा प्रयोगाची तारीख घ्या. सगळ्याच १ जूनवाल्यांवर मात्र संशय नको. नर्गिस (१९२९) आणि दिनेश कार्तिक (१९८५) त्याच तारखेचे आहेत.

शब्द वापरताना: हयात व्यक्तीचा वाढदिवस, दिवंगताची जयंती. पुण्यतिथी हा शब्द मुळात तिथीचा, म्हणून इंग्रजी तारखेला 'स्मृतिदिन' लिहिलेले बरे. तिथी आणि तारीख यांची गल्लत घटनांतही होते. २४ ऑगस्ट १९७१ला अजित वाडेकरांच्या संघाने ओव्हलवर इंग्लंडला हरवून तिथली पहिली मालिका जिंकली. त्या दिवशी गणेश चतुर्थी होती, आणि चेसिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयातून बेला नावाची हत्तीण मैदानावर आणली होती. गोष्ट इतकी गोड आहे की गणपती बसण्याच्या दिवशी ती लिहायचा मोह होतो. पण फळा तारखेने चालतो. चतुर्थी पुढच्या वर्षी दुसऱ्याच तारखेला असणार. ती २४ ऑगस्टलाच लिहायची.

'५० वर्षे पूर्ण' आणि '५०वे वर्ष' यांत एका वर्षाचा फरक आहे. 'शोले' १५ ऑगस्ट १९७५ला लागला. १५ ऑगस्ट २०२५ला ५० वर्षे पूर्ण झाली आणि ५१वे लागले. चालू सालातून घटनेचे साल वजा केले की येतो तो पूर्ण वर्षांचा आकडा, तेवढाच लिहा.

आता कामाची पद्धत. ३६६ पानांची एक जाड वही घ्या, प्रत्येक तारखेला एक पान. प्रत्येक नोंदीला पाच गोष्टी लिहायच्या: साल, कोण, क्रियापद, ठिकाण, आणि माहिती कुठून घेतली ते. पाचातली एक जरी रिकामी राहिली तरी नोंद पेन्सिलीत. पाचही भरल्या आणि दुसऱ्या स्वतंत्र ठिकाणी जुळल्या की शाईत. स्वतंत्र या शब्दाला महत्त्व आहे. एकमेकांवरून उतरवलेली चार संकेतस्थळे हा एकच साक्षीदार असतो, आणि शुद्धलेखनाची चूकसुद्धा चौघांत सारखी निघाली की ओळखायचे. क्रिकेटसाठी त्या सामन्याचा धावफलक, ऑलिंपिकसाठी अधिकृत निकाल, सिनेमासाठी त्या आठवड्यातल्या वर्तमानपत्राची जाहिरात. वाचनालयात जुन्या फायली असतील तर यासारखे दुसरे साधन नाही. जाहिरात मुंबईच्या पत्रातली आहे की पुण्याच्या, तेही लिहून ठेवा. पूर्वी चित्रपट एका शहरात लागून दुसऱ्या शहरात आठवड्यांनी पोहोचायचा.

वार जुळवून पाहणे ही सोपी चाळणी आहे. १९०१ ते २०९९ या काळात दर २८ वर्षांनी दिनदर्शिका जशीच्या तशी परत येते. १९७५ आणि २००३ची दिनदर्शिका एकच, त्यामुळे १५ ऑगस्ट दोन्हीकडे शुक्रवारीच. कुठे 'शनिवार, १५ ऑगस्ट १९७५' दिसले की वार किंवा तारीख, एक काहीतरी चुकले आहे. मोबाइलवरही वार दिसतो, पण वहीच्या पुठ्ठ्यावर २८-२८ वर्षांच्या जोड्या लिहून ठेवल्या तर फळ्यापुढे उभ्या उभ्या काम होते.

चार फुटी फळ्यावर पाच, फार तर सहा ओळी. आठ केल्या की लोक वाचत नाहीत. साल आधी, मग घटना; क्रम सालाने लावावा, महत्त्वाने नको, नाहीतर रोज नवा वाद. २९ फेब्रुवारीच्या नोंदी, उदाहरणार्थ रुक्मिणीदेवी अरुंडेल यांचा जन्म (१९०४) किंवा हॅटी मॅकडॅनियलचे ऑस्कर (१९४०), फक्त लीप वर्षातच लिहाव्यात. त्या २८ला सरकवल्या की दुसऱ्या कुणाच्या तरी वहीत त्या २८च्या होऊन बसतात.

२५ जूनचा फळा असा होईल:

१९२४: संगीतकार मदन मोहन यांचा बगदाद येथे जन्म.
१९३२: भारताच्या पहिल्या कसोटी सामन्याला लॉर्ड्सवर सुरुवात. कर्णधार सी. के. नायडू.
१९७४: अभिनेत्री करिश्मा कपूर यांचा जन्म.
१९८३: लॉर्ड्सवर वेस्ट इंडीजला ४३ धावांनी हरवून भारताने विश्वचषक जिंकला (१८३ विरुद्ध १४०).
२००९: पॉपगायक मायकेल जॅक्सन यांचे लॉस अँजेलिस येथे निधन.

१९३२च्या ओळीत 'सुरुवात' आहे, कारण सामना २५, २७ आणि २८ला झाला. २६ला रविवारची सुट्टी होती, आणि १५८ धावांचा पराभव अठ्ठावीस तारखेचा. तो २८च्या पानावर जातो. कपिलदेवच्या नाबाद १७५ धावा इथे घुसवू नका. त्या १८ जूनच्या, टनब्रिज वेल्सच्या, झिंबाब्वेविरुद्धच्या. अंतिम सामन्याचा मानकरी मोहिंदर अमरनाथ होता, २६ धावा आणि १२ धावांत ३ बळी. फळ्यावर जागा उरली तर त्याचे नाव घाला, बऱ्याच जणांना तेही कपिलच वाटते.

महिनाभराचा मजकूर आधीच्या महिन्याच्या दहा तारखेपर्यंत शाईत आला पाहिजे. वाढदिवसांची ओळ मात्र त्या त्या सकाळी, बातम्या पाहिल्यावरच खडूने लिहायची.